पुटपुटे शब्द देतात

नाटकातल्या माणसांना लोक चेहऱ्याने ओळखतात. पुटपुटेंच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता, कारण ते प्रेक्षकांना कधी दिसलेच नाहीत. डाव्या विंगेत पडद्याच्या दोरीशेजारी एक स्टूल, मांडीवर संहिता, हातात रुमालाने झाकलेली बॅटरी आणि ओठांची अखंड हालचाल. आमच्या कंपनीचे ते प्रॉम्प्टर. नट अडला की पुढचे दोन शब्द त्याच्या कानापर्यंत पोहोचवायचे, पण पहिल्या रांगेपर्यंत जाऊ द्यायचे नाहीत, हे त्यांचं काम. खरं आडनाव काय होतं ते मॅनेजरलाच ठाऊक. आम्ही सगळे त्यांना पुटपुटे म्हणायचो, आणि पुढेपुढे तेही फोन उचलून "हं, पुटपुटे बोलतोय" असं म्हणायला लागले.

मी त्या कंपनीत सून केली आणि वय झाल्यावर त्याच नाटकात सासू केली. त्या सगळ्या वर्षांत मोठमोठे नट भर प्रवेशात दगड झालेले मी पाहिलेत. सिंहासनावर बसलेला राजा रुबाबात हात वर करतो, "प्रधानजी!" अशी गर्जना करतो, आणि प्रधानजींना काय सांगायचं होतं ते पार विसरतो. हात वरच. प्रधान घामाघूम. तेवढ्यात विंगेतून वाऱ्यासारखं येतं, "किल्ल्याचे दरवाजे", आणि राज्य वाचतं. अशी किती राज्यं पुटपुटेंनी वाचवली, किती लग्नं जुळवली, कितीजणांना वेळेवर मरायला लावलं! टाळ्या मात्र आम्ही घ्यायचो.

पण त्यांची खरी करामत शब्द देण्यात नव्हती. शब्द कुठे द्यायचा नाही, हे त्यांना कळायचं. नट मुद्दाम थांबतो तो एक पॉज, आणि नटाचं डोकं रिकामं होतं तो दुसरा. प्रेक्षकांना दोन्ही सारखेच दिसतात. उमेदीच्या काळात पुटपुटेंनी माझ्या एका सुंदर पॉजमध्ये शब्द टाकला होता. मी नवऱ्याच्या पत्राकडे बघत उभी, सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं, आणि विंगेतून "हे अक्षर तुमचं नाही!" मध्यंतरात मी पावडरचा डबा त्यांच्या अंगावर फेकला. पांढरेफटक झालेले पुटपुटे म्हणाले, "बाई, मला कळायचं कसं?" मी म्हटलं, "पाय बघा माझे! विसरलेल्या माणसाचे पाय चुळबुळतात. थांबलेल्याचे थांबतात." त्या दिवसापासून ते पाय बघायला लागले, आणि पुन्हा कोणाचाही पॉज त्यांनी मोडला नाही.

कंपनी बंद पडली. योगायोग म्हणा किंवा नशिबाचा विनोद म्हणा, आम्ही एकाच इमारतीत आलो. ते तळमजल्यावर, मी त्यांच्या डोक्यावर. माझ्या पलंगाचा पाय सरकला तरी खालून छताला झाडूचा दांडा लागायचा. तो दांडा वहिनींचा.

वहिनी म्हणजे पुटपुटेंची बायको. टेलिफोन एक्सचेंजमध्ये कानाला यंत्र लावून जन्म काढलेली बाई. आवाज असा की रागावलेला माणूससुद्धा पलीकडून "बरं, बरं" म्हणत नंबराची वाट बघत बसायचा. दिवसभर लोकांना जोडून द्यायचं आणि घरी आल्यावर स्वतः बोलायचं. नवरा बाहेर कुजबुजतो म्हणून घरात आपण मोठ्याने बोलायचं, असं त्यांचं साधं गणित होतं. मी कधी खाली गेले की म्हणायच्या, "बसा हो, यांना काय विचारता? यांना पुस्तक हातात दिल्याशिवाय बोलता येत नाही."

मग एका सकाळी न्हाणीघरात त्या पडल्या. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे सगळीच नाही. डोळ्यांत दिसायचं की आत सगळं जागेवर आहे. फक्त शब्द हाताला लागत नव्हता. अंधारात कपाटात हात घालून पातेलं शोधावं आणि हाताला पुन्हा पुन्हा झाकणच यावं, तसं. वाचेचे उपचार करणारी एक तरुण बाई दवाखान्यात होती. तिने पुटपुटेंना बजावलं होतं, "आजोबा, शब्द सुचवू नका. थांबा. त्यांना शोधू द्या."

घरी येऊन ते माझ्यासमोर खुर्चीत आदळले. "ऐकलंत का, बाई? माणूस अडलाय आणि मी गप्प बसू? परक्या नटांना शब्द दिले, आणि घरच्या माणसाला द्यायचे नाहीत? हे कसलं शास्त्र?"

मला त्यांचं म्हणणं पटलं. कोणालाही पटलं असतं. अडलेल्याला शब्द देण्याइतकं दयाळू काम कुठलं?

तर पुटपुटे पुन्हा कामाला लागले. स्टूल आता वहिनींच्या खुर्चीशेजारी आलं. वहिनी म्हणायच्या, "मला…" हे म्हणायचे, "पाणी." वहिनी म्हणायच्या, "ती…" हे म्हणायचे, "ती खिडकी लावू का?" पाहुणे यायचे, वहिनींना विचारायचे, "कसं वाटतंय?" उत्तर शेजारून यायचं, "कालपेक्षा बरं वाटतंय तिला." हळूहळू पाहुणे प्रश्न वहिनींना आणि नजर पुटपुटेंना द्यायला लागले. मग प्रश्नही त्यांनाच. पुटपुटे अभिमानाने सांगायचे, "एक वाक्य पडू देत नाही मी तिचं." आणि वहिनी हळूहळू वाक्य सुरूच करेनाशा झाल्या. आम्हाला वाटलं, आजार वाढला.

आता घुमीबद्दल सांगते. आमच्या भागातल्या हायस्कूलमध्ये वरच्या वर्गातली मुलं शाळा सुटल्यावर कुठेतरी सेवेला जातात. कोणी दवाखान्यात, कोणी वाचनालयात, कोणी म्हाताऱ्यांच्या घरी. पैसे नाहीत, गुण नाहीत. वर्ष संपताना सभागृहात त्यांतल्या काहींचा गौरव होतो, पदक मिळतं. त्या शाळेची एक पद्धत मला फार आवडते. मुलाने स्वतःच्या सेवेबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आईवडिलांनी नाही, शिक्षकांनी नाही. ज्याची सेवा केली, त्यानेच सांगायचं. शाळेची तीन माणसं घरी येतात, विचारतात आणि ठरवतात. जुनी नटी म्हणून त्या वर्षी मलाही त्या तिघांत घेतलं होतं. दुसऱ्या मुख्याध्यापिका, आणि तिसरे चौकातले औषधवाले, कारण पदकं त्यांच्या दुकानातर्फे असतात.

घुमी हे त्या मुलीला वर्गाने ठेवलेलं नाव. कुठेही बसवा, बोलणार नाही. दवाखान्याच्या खिडकीवर ठेवली तर लोकांनी तक्रार केली की पोरगी उत्तर देत नाही. वाचनालयातही तेच. शेवटी कोणीतरी म्हणालं, "पुटपुटे आजींकडे पाठवा. त्याही बोलत नाहीत. दोघी बसतील एकमेकींची तोंडं बघत." सगळे हसले, आणि तिला खरंच तिथे पाठवलं.

पुटपुटेंना ती फारशी पसंत नव्हती. "ना वाचून दाखवते, ना काही. नुसती बसते," ते कुरकुरायचे. पण ती आली की त्यांना बाहेर पडता यायचं. पिशवी घ्यायची, भाजी आणायची, वाटेत कोणी जुना माणूस भेटला तर बोलत उभं राहायचं. त्यामुळे घुमी आणि वहिनी एकट्या असताना त्या खोलीत काय होतं, हे पुटपुटेंनी एकदाही पाहिलं नाही.

गौरवाचे दिवस जवळ आले, आणि आम्ही तिघं पुटपुटेंकडे गेलो. पुटपुटेंनी नवा सदरा घातला होता. वहिनींचे केस घुमीने विंचरले असावेत, कारण भांग सरळ होता. पुटपुटेंना ते कधी जमलं नव्हतं. घुमी दाराशी नखं खात उभी.

मुख्याध्यापिका वहिनींसमोर वाकल्या. "आजी, ही मुलगी येते ना तुमच्याकडे? काय करते, सांगाल आम्हाला?"

वहिनींनी घुमीकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "ही… ही…"

"वाचून दाखवते," शेजारून आलं.

वहिनींनी मान हलवली. नाही. "ही… मला…"

"औषधं देते. अगदी वेळेवर."

पुन्हा मान. नाही. "मला… ही…"

"सोबत करते हो. एकटीला कंटाळा येतो ना तिला. भाजी निवडून देते, गाणी लावते…"

नाही, नाही. वहिनींचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. औषधवाले हसले. "आजोबा, मुलाखत तुमचीच घ्यायला हवी!" पुटपुटेही हसले. त्यांना वाटलं, प्रवेश छान चाललाय. वहिनींनी तोंड मिटलं आणि खिडकीकडे वळवलं. मी "वहिनी?" म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

फाटकाबाहेर आल्यावर औषधवाल्यांनी रुमालाने चष्मा पुसला. "आजींनी तर सगळ्यालाच नाही म्हटलं की! वाचते का? नाही. औषध देते का? नाही. सोबत करते का? नाही. मग ही करते तरी काय?"

"शब्द येत नाहीत त्यांना," मी म्हटलं.

"मान तर येते? मान स्वच्छ हलवली त्यांनी."

मुख्याध्यापिकांनी सुस्कारा सोडला. पद्धत त्यांचीच होती, आणि पद्धतीप्रमाणे वहिनींनी नाही म्हटलं होतं. घुमीचं नाव पदकाच्या यादीतून गळलं.

मी हे पुटपुटेंना जिन्यातच सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे. पण मी तर किती चांगलं बोललो तिच्याबद्दल!"

गंमत म्हणजे नाव गळलं तरी घुमी यायची थांबली नाही. तिची आई इस्त्रीचं दुकान चालवते. तिने पोरीला विचारलं होतं म्हणे, "आता कशाला जातेस? झालं ना सगळं?" घुमीने अर्थातच उत्तर दिलं नाही.

अशाच एका दुपारी पुटपुटे पिशवी घेऊन निघाले आणि चष्मा विसरला म्हणून परत आले. दार लोटलेलं होतं. आतून आवाज आला, आणि ते चौकटीतच थबकले. आवाज वहिनींचा होता.

थोड्या वेळाने माझ्या दारावर थाप पडली. पुटपुटे उभे. हातात रिकामी पिशवी, डोळ्यांवर चष्मा नाहीच.

"बाई, ती गोष्ट सांगतेय."

"कोण?"

"ही. आमची ही. गोष्ट सांगतेय."

"पुटपुटे, आधी बसा. चक्कर येतेय का?"

ते बसले नाहीत. "एक माणूस होता म्हणे. रोज एक्सचेंजला फोन करायचा. किती वाजले विचारायला. रोज. ही वेळ सांगायची, तो ठेवून द्यायचा. ती म्हणाली, त्याच्या घरी… आणि थांबली. बाई, मी बाहेर उभा, माझे ओठ आपोआप हलले. घड्याळ नव्हतं. सरळ आहे ना? वेळ विचारतो म्हणजे घड्याळ नसणार. माझ्या ओठांवर आलं होतं, आवाज तेवढा निघाला नाही."

"मग?"

"ती पोरगी काही बोलली नाही. नुसती बघत बसली. किती वेळ! माझा जीव वरखाली. आणि मग ही म्हणाली, त्याच्या घरी कोणी नव्हतं."

मी खुर्ची त्यांच्याकडे ओढली.

"कोणी नव्हतं," पुटपुटे पुन्हा म्हणाले. "मी घड्याळ म्हटलं असतं. आणि तिने मान हलवली असती, आणि मी म्हटलं असतं, बरं, रेडिओ नव्हता. एवढ्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट मला माहीत नव्हती, बाई. आणि त्या पोरीला माहीत आहे."

"तुम्ही आत गेलात?"

"कसा जाऊ? मी आत गेलो की ती गप्प होते. हे मला आजच कळलं." आता ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "पाय बघितले मी तिचे, दाराच्या फटीतून. स्थिर होते. अगदी स्थिर. ते पॉज होते, बाई. सगळे पॉजच होते. तुमच्या एका पॉजसाठी तुम्ही मला पावडरने न्हाऊ घातलंत. तिने काय फेकायचं होतं माझ्यावर? एक हात चालत नाही, दुसऱ्यात जोर नाही."

मी पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही. ग्लास धरून बसले.

"पोरीने विचारलं तिला, त्या दिवशी तुम्ही काय सांगणार होतात, आजी? ही म्हणाली, आता काय उपयोग. दोघींचं गेलं बघा. हिचं बोलणं गेलं, तिचं नाव गेलं. आणि मी नवा सदरा घालून हसत होतो."

त्यांना धीर द्यायला मी बरंच काही बोलले. तुमचा हेतू वाईट नव्हता, कोणीही हेच केलं असतं, वगैरे. रंगभूमीवर अशी वाक्यं मी छान म्हणायचे. त्या दिवशी ती माझ्या तोंडातून निघाली आणि टेबलावर पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी मी आणि पुटपुटे शाळेत गेलो. ऑफिसात औषधवालेही पदकांची खोकी घेऊन बसले होते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आजोबा, निर्णय झालाय. आता एकीसाठी बदलला तर बाकीचे पालक मला सोडणार नाहीत."

"निर्णय आजींच्या बोलण्यावर झाला ना?" पुटपुटे म्हणाले. "ती बोललीच नाही. मी बोललो. आणि मी बोललो ते सगळं खोटं होतं."

"खोटं?"

"पोरगी वाचून दाखवत नाही. औषधं देत नाही. ती काय करते ते मला माहीतच नव्हतं. ती आली की मी बाजारात जायचो. मला आपलं वाटलं, गप्प बसण्यापेक्षा काहीतरी बोलावं. म्हणून हिने मान हलवली. मी खोटं बोलत होतो, ती नाही म्हणत होती. बरोबरच म्हणत होती."

मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. होकारार्थी.

"म्हणजे आजी सांगू शकतील?"

"मी तिथे नसलो तर."

"मग कार्यक्रमातच सांगू देत. सगळ्यांसमोर. म्हणजे कोणाला बोलायला जागा नको."

औषधवाले चुळबुळले. "आणि आजी अडल्या तर? पदक हातात घेऊन मी संध्याकाळपर्यंत उभा राहू?"

"बसा की," पुटपुटे म्हणाले. "खुर्ची देतील."

घरी येऊन त्यांनी वहिनींना विचारलं. मी मुद्दाम दारात थांबले. त्यांनी स्टूल लांब सरकवलं, त्यावर बसले, आणि म्हणाले, "शाळेत येशील का? सगळ्यांसमोर सांगायला? घुमीबद्दल?" मग त्यांनी स्वतःच्या हाताची मूठ तोंडावर धरली. वहिनींनी ती मूठ बघितली. मग माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत कित्येक महिन्यांनी जुना खट्याळपणा दिसला.

"येते," त्या म्हणाल्या. मग बरंच थांबून, "तुम्ही… मागे."

"मागे म्हणजे? मागे उभा राहू तुझ्या?"

वहिनींनी डावा हात उचलून भिंतीकडे, भिंतीपलीकडे, खूप लांब दाखवला.

कार्यक्रमाच्या दिवशी म्हणूनच आम्ही शेवटच्या रांगेत बसलो, पुटपुटे आणि मी. सभागृह भरलेलं. इस्त्रीवाली दुकान बंद करून आली होती, आणि कशासाठी बोलावलंय ते न कळून पदराची टोकं पिळत बसली होती. एकेका मुलाचं नाव पुकारलं जात होतं आणि ज्यांची सेवा झाली ती माणसं उठून बोलत होती. एक आंधळे मास्तर बोलले, वाचनालयाची बाई बोलली. टाळ्या झाल्या. मग घुमीने वहिनींची चाकांची खुर्ची चढणीवरून ढकलत मंचावर आणली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. तिचं तोंड भीतीने एवढंसं झालं होतं. मुख्याध्यापिकांनी माइक वहिनींच्या तोंडाशी धरला.

"ही…" वहिनी म्हणाल्या, आणि थांबल्या.

सभागृहात शांतता. शांतता मला ओळखू येते, आयुष्य त्यातच गेलं. पहिली शांतता कान देणारी असते. दुसरी अवघडलेली. तिसरी येते तेव्हा लोक खोकायला लागतात. पहिली सरली, दुसरी सरली. खोकले सुरू झाले. कुठेतरी पोरं खुसफुसली. पुटपुटेंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्यांनी माझं मनगट एवढं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. मंचावर औषधवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मुख्याध्यापिका मायेने वाकल्या आणि माइकमध्येच म्हणाल्या, "ही मुलगी तुमची काळजी घेते, असंच ना, आजी?"

"बाई, थांबा!"

सगळं सभागृह मागे वळलं. पुटपुटे उभे होते. ज्या माणसाचा आवाज आयुष्यात पहिल्या रांगेपर्यंत गेला नव्हता, तो शेवटच्या रांगेतून मंचापर्यंत गेला होता.

"तिला शब्द देऊ नका," ते म्हणाले. "मी देत आलो. पाया पडतो, देऊ नका." आणि धपकन खाली बसले.

मुख्याध्यापिका सरळ झाल्या. माइक तेवढा धरून ठेवला. खोकले थांबले. घुमी एवढा वेळ जमिनीकडे बघत होती. तिने मान वर केली आणि वहिनींकडे बघितलं. घाई नाही, काळजी नाही. संध्याकाळपर्यंत वेळ आहे, अशा नजरेने.

"घरी…" वहिनी म्हणाल्या. "सगळे… माझं… बोलतात." एक मोठा श्वास. "ही… येते. ही… काही… करत नाही." पुन्हा शांतता, आणि ती आता पहिल्या जातीची होती. "हिच्या… समोर… मी… बोलते."

टाळ्या लगेच आल्या नाहीत. वहिनींचं अजून काही उरलंय का, हे कोणालाच कळेना, आणि कोणी तोडायला धजेना. वहिनींनी शेवटी स्वतःच डावा हात मांडीवर आपटून टाळी वाजवली, तेव्हा सभागृह सुटलं. औषधवाले पदक घेऊन उभे राहिले, ते अगदी ताठ. इस्त्रीवाली रडत होती आणि शेजारणीला सांगत होती, "माझी आहे ती. माझी." मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. पुटपुटेंनी वाजवल्या नाहीत. त्यांनी हात मांडीखाली दाबून ठेवले होते. "सगळे म्हणाली," ते म्हणाले. "चारचौघांत माझी लाज राखली तिने. सगळे कुठले? मीच की."

कार्यक्रम संपल्यावर लोक त्यांच्याभोवती जमले. कोणी म्हणालं, "आजोबा, काय धीराने थांबवलंत हो!" कोणी म्हणालं, "आजींची तुम्ही केवढी सेवा करता!" पुटपुटे एकेकाला हात जोडत मागे सरकत होते, जणू कोणी मारायला येतंय.

आम्ही शाळेच्या मागच्या पायऱ्यांशी गाडीची वाट बघत थांबलो. घुमी आईबरोबर घरी गेली होती. आम्ही तिघंच होतो. वहिनी पुटपुटेंकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "ताई…"

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. वहिनी आजारी पडल्यानंतर ती एकदा लांबचा प्रवास करून भेटायला आली होती. मीही त्या खोलीत होते. तिने वहिनींचा हात धरून विचारलं होतं, "माझ्याकडे येतेस का थोडे दिवस? मी बघेन तुझं." वहिनी काहीतरी शोधत होत्या, आणि पुटपुटे म्हणाले होते, "नाही हो ताई, हिला इथेच बरं वाटतं." ताईने मान डोलावली, चहा घेतला आणि ती गेली. पुढच्या थंडीत ती वारली. पायऱ्यांवरच्या त्या क्षणापर्यंत मला, आणि बहुधा पुटपुटेंनाही, ते एक साधं सभ्य उत्तर वाटत होतं.

"ताई… आली… होती," वहिनी म्हणाल्या. "मला…"

पुटपुटेंचा चेहरा उतरला. पुढचा शब्द कुठला, हे या वेळी त्यांना अचूक माहीत होतं. मलाही होतं. ते काही बोलले नाहीत. वहिनींनी शोधलं, चुकलं, परत शोधलं. पलीकडे शाळेचा शिपाई खुर्च्या आत नेत होता.

"जायचं… होतं."

"माझं चुकलं," पुटपुटे एकदम म्हणाले. "अगं, मी नको होतं बोलायला. मला वाटलं, तुला तिला दुखवायचं नाहीये, म्हणून मी… चुकलं माझं. मोठं चुकलं."

वहिनींनी डावा हात वर केला. तळवा त्यांच्याकडे.

"अजून…" त्या म्हणाल्या, "झालं नाही… माझं."

पुटपुटे गप्प झाले. मग सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसून सर्वांत खालच्या पायरीवर, त्यांच्या पायांशी बसले आणि मान वर करून बघत राहिले. गाडी आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी पुढे जाऊन त्याला म्हटलं, इंजिन बंद कर, वेळ लागणार आहे.